मिक ओ'ड्वायर : खेळाडू आणि वस्ताद



आजच्या विषयाचे नाव बाहेरच्या फळ्यावर वाचून "हे गृहस्थ कोण?" असे आपल्यापैकी अनेकांनी शेजाऱ्याला विचारले असेल, आणि शेजाऱ्यालाही ते सांगता आले नसेल. त्यात नवल नाही. मिक ओ'ड्वायर हे नाव ज्या खेळाशी जोडलेले आहे, तो गेलिक फुटबॉल आयर्लंडात आणि परदेशी गेलेल्या आयरिश मंडळींत खेळला जातो; त्यापलीकडे त्याचा फारसा पसारा नाही. पण त्या लहानशा देशात हे नाव ठाऊक नसलेले घर सापडणे कठीण. ३ एप्रिल २०२५ रोजी, ८८ वर्षांचे होऊन, ते वारले. एक माणूस उत्तम खेळला आणि पुढे उत्तम शिकवू लागला, एवढीच गोष्ट असती तर ती आम्ही आपल्यापुढे आणली नसती. अमका खेळाडू आता संपला, असे लोक सहज बोलून जातात. ते बोलणे या माणसाला जन्मात कधी पटले नाही. स्वतःविषयी पटले नाही, दुसऱ्याविषयीही पटले नाही. या न पटण्याने त्यांना केवढे यश दिले, आणि ज्या मातीवर त्यांचा जीव होता तिला त्यापायी काय सोसावे लागले, हे आज पाहायचे आहे.

आधी खेळाविषयी थोडे सांगतो. आयर्लंड आपल्याला तसे परके नाही. १९१६ साली लोकमान्यांनी आणि बेझंटबाईंनी ज्या 'होमरूल'च्या नावाने संघ काढले, ते नाव आयर्लंडातूनच आलेले. त्याच आयरिश जागृतीच्या काळात, १ नोव्हेंबर १८८४ रोजी, थर्ल्स या गावच्या एका हॉटेलात मायकेल कुसॅक, मॉरिस डॅव्हिन प्रभृती मूठभर मंडळी जमली आणि त्यांनी 'गेलिक अॅथलेटिक असोसिएशन' ही संस्था स्थापन केली. राज्यकर्त्यांच्या खेळांनी आपले देशी खेळ बुडू नयेत, हा हेतू. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत आपल्याकडे पुण्या-बडोद्यास खो-खो आणि हुतूतू नियमांत बसवले गेले, त्यामागची ओढ याच जातीची होती. आयरिशांनी मात्र हे व्रत फारच कडक पाळले. संस्थेच्या सभासदाने क्रिकेट, रग्बी, सॉकर असले 'परके' खेळ खेळू नयेत असा नियमच होता, आणि तो १९७१ साली उठला!

या खेळाच्या मागे रक्तही सांडलेले आहे. २१ नोव्हेंबर १९२० रोजी सकाळी डब्लिनमध्ये ब्रिटिशांचे अनेक गुप्तहेर मारले गेले. त्याच दुपारी क्रोक पार्कच्या मैदानावर सामना चालू असताना ब्रिटिश शिपायांनी आत शिरून गोळीबार केला. १४ माणसे मेली. त्यांत मायकेल होगन हा टिपरेरीचा खेळाडू होता. जालियनवाला बागेला तेव्हा दीड वर्ष झाले होते. आज त्या मैदानाच्या एका सज्जाला होगनचे नाव आहे, आणि दरवर्षीचा अंतिम सामना तेथेच होतो.

खेळ असा. दोन्हीकडे पंधरा-पंधरा गडी. चेंडू हातानेही खेळायचा, पायानेही. हातात धरून चार पावलांपेक्षा जास्त पळायचे नाही. चेंडू एकदा जमिनीवर आपटावा किंवा पायाच्या बोटांनी उडवून परत हातात घ्यावा. दोन उंच खांब आणि त्यांना जोडणारा आडवा दांडा. चेंडू दांड्याखालून गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांड्यावरून गेला तर पॉइंट, त्याचा एक गुण. म्हणून धावफलकावर प्रत्येक संघाचे दोन आकडे दिसतात. (२०२५ पासून लांबून मारलेल्या पॉइंटाला दोन गुण मिळू लागले, आज आपण ज्या सामन्यांची गोष्ट करणार आहोत त्या वेळी ती भानगड नव्हती.)

पण नियमांहून महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत. खेळाडूला खेळण्याबद्दल दमडी मिळत नाही. तो शाळामास्तर असतो, शेतकरी असतो, पोलीस असतो. रविवारी ऐंशी हजार लोकांपुढे अंतिम सामना खेळायचा आणि सुटी संपली की फळ्यापुढे उभे राहायचे. दुसरी गोष्ट अशी की, येथे खेळाडूंचा बाजार नाही. ज्या गावचा तू, त्या गावच्या क्लबातून खेळायचे आणि ज्या काउंटीचा तू, तिच्याकडून. काउंटी म्हणजे आपला जिल्हा म्हणा. असे बत्तीस जिल्हे. शेजारच्या जिल्ह्यातला गडी कितीही चांगला असो, पैसे टाकून तो आणता येत नाही. घरात पिकेल तेवढेच खायचे. म्हणून तेथे जिल्ह्याचा संघ हरला की माणसे आपलेच कोणी गेल्यासारखी गप्प बसतात.

अशा जिल्ह्यांत केरी हा मानाचा. देशाच्या नैर्ऋत्येला, डोंगर आणि अटलांटिक समुद्र यांच्यात सापडलेला मुलूख. त्याच्या किनाऱ्यावर वॉटरव्हिल नावाचे गाव आहे. एके काळी अटलांटिकच्या तळातून अमेरिकेला जाणारी तारायंत्राची केबल तेथून निघे, एवढी एक गोष्ट सोडली तर गाव आडवळणाचेच. चार्ली चॅप्लिन उन्हाळ्यात तेथे सहकुटुंब येऊन राहत. आज गावात चॅप्लिनचा पुतळा आहे, आणि ओ'ड्वायरांचाही आहे. ९ जून १९३६ रोजी ते तेथेच जन्मले. पुढे मोटारींचे गॅरेज काढले, हॉटेल काढले, आणि पोट त्यावर भरले.

केरीच्या मुख्य संघात ते १९५० नंतरच्या दशकात, विशीत असताना आले आणि पहिल्यांदा खेळले ते बचावाच्या फळीत. १९५९ साली केरीने गॉलवेला हरवून अखिल आयर्लंड अजिंक्यपद जिंकले. १९६२ साली रॉसकॉमनला हरवून पुन्हा जिंकले. दोन्ही वेळी ओ'ड्वायर संघात होते. मग उतरती कळा लागली. १९६४ आणि १९६५ साली गॉलवेने केरीला अंतिम सामन्यात लागोपाठ पाणी पाजले. त्याच सुमारास ओ'ड्वायरांचे दोन्ही पाय मोडले. एक नव्हे, दोन्ही! १९६६ साली त्यांनी निवृत्ती घेतली. वय तिशीचे, दोन पदके घरात, धंदा चाललेला. आपल्याकडच्या कोणाही शहाण्या माणसाने हेच केले असते.

आणि १९६८ साली हा माणूस परत आला. बत्तिसाव्या वर्षी, दोन्ही मोडक्या पायांनिशी, आणि आता बचावात नव्हे तर आघाडीच्या फळीत. पाय पूर्वीसारखे पळत नव्हते म्हणून त्यांनी गोलाजवळची जागा धरली. तेथे पळण्यापेक्षा नेम आणि अंदाज यांचे काम जास्त. १९६९ साली केरीने ऑफलीला हरवले, १९७० साली मीथला हरवले. ओ'ड्वायरांची चार पदके झाली. १९६९ सालचा सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून देशाने ज्याची निवड केली तो हाच, तीन वर्षांपूर्वी संपलेला मनुष्य. १९७४ साली, ३८ व्या वर्षी, ते खऱ्या अर्थाने थांबले.

दुसऱ्याच वर्षी केरीच्या संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. इंग्रजीत अशा माणसाला मॅनेजर म्हणतात. 'व्यवस्थापक' म्हटले की आपल्याला बँकेतला टेबलामागचा मनुष्य आठवतो. आम्हांला विचाराल तर याला आपल्या तालमीतला शब्दच बरा : वस्ताद. संघ निवडणारा, अंग मोडेपर्यंत मेहनत करून घेणारा, आणि सामन्याच्या दिवशी कडेला उभा राहून डाव सुचवणारा.

तेव्हा हवा डब्लिनची होती. केव्हिन हेफरनन या तेथल्या जुन्या खेळाडूने संघाला विलक्षण दमदार बनवून १९७४ चे अजिंक्यपद जिंकून दिले होते. ओ'ड्वायरांनी पोरे गोळा केली; अगदी पोरेच, संघात लग्न झालेला जवळजवळ कोणीच नव्हता. वॉटरव्हिलहून किलार्नीला मोटारीने जायचे, तेथे संध्याकाळी सराव घ्यायचा आणि रात्री घाटवळणांनी परत यायचे, हा त्यांचा क्रम पडला. मैदानाच्या एका कुंपणापासून समोरच्या कुंपणापर्यंत पळायचे, श्वास घ्यायचा, परत पळायचे; मुलांची शुद्ध हरपायची वेळ येई. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात या पोरांनी डब्लिनला चीत केले : केरी २ गोल १२ पॉइंट, डब्लिन ० गोल ११ पॉइंट. कर्णधार मिकी ओ'सलिव्हन सामन्यातच जबर लागून रुग्णालयात गेला होता, म्हणून चषक पॅट स्पिलानने उचलला.

सगळे सुरळीत झाले असे वाटते ना? १९७६ च्या अंतिम सामन्यात डब्लिनने परतफेड केली. १९७७ साली उपान्त्य सामन्यात पुन्हा. केरीतली माणसे फार सहनशील नाहीत. दोन वर्षे हरणाऱ्याला घरी बसवा, अशी कुजबुज सुरू झाली. ओ'ड्वायर बसले नाहीत, आणि संघही मोडला नाही. त्यांनी एका जागी भर घातली. बॅलीबनियनचा ओवेन लिस्टन हा थोराड, वजनदार पोरगा होता. त्याचे वजन त्यांनी घाम गाळवून उतरवले आणि त्याला गोलाच्या तोंडाशी उभा केला. लांबून उंच चेंडू टाकायचा, लिस्टनने तो झेलायचा आणि भोवतालच्या चपळ गड्यांना द्यायचा. साधी युक्ती. १९७८ च्या अंतिम सामन्यात लिस्टनने तीन गोल केले. त्याच सामन्यातला मायकी शीहीचा गोल आयरिश लोक अजून सांगतात. डब्लिनचा गोलरक्षक पॅडी कलन पंचाशी हुज्जत घालत जागा सोडून पुढे आला होता. शीहीने चेंडू खाली ठेवला न ठेवला तोच अलगद त्याच्या डोक्यावरून टाकला. कलन उलट पावली धावतो आहे आणि चेंडू जाळ्यात पडतो आहे! केरी ५ गोल ११ पॉइंट, डब्लिन ० गोल ९. पुढे १९७९, १९८०, १९८१. ओळीने चार वर्षे अजिंक्यपद.

पाच वर्षे ओळीने कोणीच जिंकले नव्हते. १९८२ च्या अंतिम सामन्यापूर्वी पाचव्या विजयाचे गाणे तयार झाले, छापील सदरे विकायला आले. मुलगा व्हायच्या आत पेढे वाटण्याची खोड सर्वत्र सारखीच. समोर ऑफली. त्यांचा वस्ताद यूजीन मगी हा परजिल्ह्यातला, आणि खेळाडू म्हणून काही नाव नसलेला. सामन्यात केरीचा पेनल्टी फटका ऑफलीच्या गोलरक्षकाने, मार्टिन फर्लाँगने, अडवला. तरी शेवटची दोनेक मिनिटे उरली तेव्हा केरी दोन गुणांनी पुढे होती. तेवढ्यात ऑफलीने बदली म्हणून आत आणलेल्या शेमस डार्बीकडे उंच चेंडू आला. टॉमी डॉईल त्याच्यासाठी उडाला, त्याला तो मिळाला नाही. डार्बीने वळून मारला तो थेट जाळ्यात. डॉईलला पाठीत ढकलले, हा वाद केरीत आजही चालतो. पंचाने शिट्टी वाजवली नाही, एवढे खरे. ऑफली १ गोल १५, केरी ० गोल १७. एका गुणाने पाचवा चषक गेला. (ती पाचाची ओळ पुढे डब्लिनने २०१५ ते २०१९ या वर्षांत पुरी केली.) १९८३ साली मन्स्टर प्रांताच्या अंतिम सामन्यात कॉर्कनेही शेवटच्या क्षणी गोल करून केरीला घरी पाठवले.

येथे आमच्या मते ओ'ड्वायरांच्या आयुष्याचा गाभा आहे. संघ म्हातारा झाला, असे सगळे म्हणू लागले. स्पिलानचा गुडघा आधीच मोडून सांधलेला होता. बऱ्याच गड्यांनी तिशी गाठली होती किंवा ती समोर दिसत होती. दुसऱ्या कोणी वस्तादाने अर्धा संघ बदलला असता. पण संपलेला म्हणून गणला जाऊन पुन्हा देशाचा पहिला खेळाडू ठरलेल्या माणसाला तिशीतला गडी म्हातारा कसा दिसावा? त्यांनी बहुतेक जुनेच गडी ठेवले, त्यांनाच कुंपणापासून कुंपणापर्यंत पळवले, आणि १९८४, १९८५, १९८६ ही तिन्ही वर्षे जिंकली. बारा वर्षांत आठ अजिंक्यपदे. स्पिलान, शीही, पॉडी ओ शे, गेर पॉवर आणि ओगी मोरन या पाच जणांपाशी आठ-आठ पदके जमली.

मधल्या एका गमतीशीर प्रसंगाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १९८५ च्या अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रांत कपडे धुण्याच्या एका यंत्राची पानभर जाहिरात झळकली. तीत केरीचे हे वीर अंगावर जेमतेम पंचे गुंडाळून यंत्राभोवती उभे! हौशीपणाचे सोवळे पाळणाऱ्या संस्थेचा संताप झाला. त्यात ओ'ड्वायरांचा पुढाकार होता. पोरे वर्षभर फुकट राबतात, त्यांच्या पदरात चार पैसे पडले तर धर्म बुडत नाही, असे त्यांना वाटे. आम्हांलाही तसेच वाटते. पण ज्या रविवारी लाखो लोकांनी खेळाची वाट पाहायची त्या रविवारची सकाळ त्यांनी निवडायला नको होती.

आता दुसरी बाजू. १९८६ नंतर ते गडी खरोखरच दमले. १९८७ साली कॉर्कने त्यांना थांबवले आणि मग थांबवतच राहिले. १९८९ साली ओ'ड्वायर बाजूला झाले. केरीला पुढचे अजिंक्यपद मिळाले ते १९९७ साली. मध्ये अकरा वर्षांचा दुष्काळ. केरीसारख्या ठिकाणी अकरा वर्षे म्हणजे एक पिढी. जुन्यांवर विश्वास टाकताना ओ'ड्वायरांनी नव्यांना जागा दिली नाही, हा आरोप त्यांच्यावर झाला, आणि तो खोटा आहे असे आम्हांला म्हणवत नाही. ज्या स्वभावाने तीन चषक आणले त्यानेच पुढची पेरणी लांबवली. त्यांतले एक घ्या आणि दुसरे टाका, असे करता येण्याजोगा तो स्वभाव नव्हता.

केरी सोडल्यावर त्यांनी काय केले? १९९० साली ते किल्डेरला गेले. खेळाडूला जिल्हा बदलता येत नाही हे आपण पाहिले. वस्तादाला तो बदलता येतो. नियमाने त्यालाही प्रवासखर्चापलीकडे पगार नाही. यावर तेथे बोलणे फार होते, आतून कोणाला काय मिळते याच्या वावड्या उठतात. वावड्यांवर व्याख्यान देता येत नाही, म्हणून आम्ही ते सोडून देतो. किल्डेर हा घोड्यांचा आणि सपाट कुरणांचा जिल्हा. संघाचा पोशाख नखशिखांत पांढरा. तेथल्या लोकांनी शेवटचे अखिल आयर्लंड अजिंक्यपद जिंकले होते ते १९२८ साली. पहिल्या खेपेत ओ'ड्वायरांना तेथे यश आले नाही. डब्लिनने १९९२ आणि १९९३ असे दोन प्रांतिक अंतिम सामने हिरावले. ते परतले, आणि १९९६ साली पुन्हा तेथेच गेले. १९९८ साली किल्डेरने मीथला हरवून लेन्स्टर प्रांत जिंकला. तसे १९५६ नंतर घडलेच नव्हते.

आणि मग उपान्त्य सामन्यात समोर आली केरी. आदल्या वर्षीची विजेती केरी. तिचा वस्ताद पॉडी ओ शे, ज्याला ओ'ड्वायरांनीच घडवले, ज्याच्या घरी त्यांच्या हाताखालची आठ पदके होती. किल्डेरच्या पांढऱ्या सदऱ्यात ओ'ड्वायरांचा मुलगा कार्ल, जो पूर्वी केरीकडून खेळलेला. आपल्याकडे म्हणतात, वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, एक राखून ठेवतो. तो राखलेला डाव त्या दिवशी निघाला असे म्हणावे काय? किल्डेर ० गोल १३, केरी १ गोल ९. एका गुणाने. ज्या मातीसाठी पाय मोडून घेतले तिला हरवून हा माणूस अंतिम सामन्यात गेला. तेथे गॉलवेने किल्डेरला हरवले, म्हणून गोष्ट तेथेच अपुरी राहिली. आपल्यापैकी काहींना हे वागणे खटकेल. केरीतल्या काहींनाही खटकले असेल. पण खेळाडूची माती एक असते आणि वस्तादाची विद्या वाहत्या पाण्यासारखी असते, अशी सोय त्या खेळाच्या नियमांनीच करून ठेवली आहे. आणि शत्रूचा पठ्ठा म्हणून कमी शिकवणारा वस्ताद आम्हांला तरी वस्ताद वाटणार नाही.

२००२ साली किल्डेर सोडून ते शेजारच्या लीशमध्ये गेले. २००३ साली लीशने लेन्स्टर जिंकले, १९४६ नंतर प्रथमच. हरवले कोणाला? किल्डेरला. म्हणजे तोच प्रकार पुन्हा!

सत्तरी गाठल्यावर त्यांनी विक्लो निवडले. विक्लो म्हणजे फुटबॉलच्या पंगतीतले शेवटचे पान. प्रांताचे अजिंक्यपद त्यांनी कधी पाहिलेलेच नाही. आठ चषकांच्या धन्याने तेथे का जावे, हे पुष्कळांना कळेना. २००७ साली दुबळ्या संघांसाठी असलेला टॉमी मर्फी चषक विक्लोने जिंकला. पुढच्या वर्षी अजिंक्यपद स्पर्धेत क्रोक पार्कवर त्यांनी किल्डेरला हरवले. त्या मैदानावर अजिंक्यपद स्पर्धेतला सामना विक्लोने जिंकण्याची, संस्थेच्या साऱ्या इतिहासातली, ती पहिलीच वेळ. ओ'ड्वायर तेव्हा बहात्तराव्या वर्षात होते. २०११ पर्यंत ते विक्लोपाशी राहिले. त्यानंतर क्लेअरचा संघही त्यांनी २०१३ साली सांभाळला, आणि मग वॉटरव्हिलला परतले. विक्लोने लेन्स्टरचे अजिंक्यपद २०२५ पर्यंत एकदाही जिंकलेले नाही.